पूर ओसरला, आता दुकानाला आणि शेताला मदत किती आणि कशाच्या जोरावर?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. नदीकाठचं गाव, हार्डवेअरचं दुकान, त्यात तीन दिवस चार फूट पाणी. मालाचं नुकसान अंदाजे सात लाख. शिवाय पाच एकर जमीन, तीन एकर सोयाबीन आणि दोन एकर ऊस. सातबारा वडील आणि दोन चुलते यांच्या नावावर सामाईक. तलाठी येऊन पंचनामा करून, सही घेऊन गेले. आता विचारणा अशी की सरकारकडून एकूण किती अनुदान मिळेल, कधी मिळेल, आणि तोवर दुकानातला चिखल काढायचा की तसाच ठेवायचा.

मी नदीकाठच्याच तालुक्यात हिशेब आणि कराची कामं करतो. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांनंतर दुकानदारांचे आणि शेतकऱ्यांचे कागद हातून गेले आहेत. त्यावरून सांगतो, "अनुदान किती" हा तुमचा खरा प्रश्न नाही. सात लाखांची तूट कुठून कुठून भरून निघू शकते, आणि त्यातल्या प्रत्येकाला कोणता पुरावा कधी लागतो, हा खरा प्रश्न आहे. सरकारी मदत ही नुकसानभरपाई नव्हे. ती ठरलेल्या दराने दिलेली तातडीची मदत असते. तुमचा माल सात लाखांचा गेला की सतरा लाखांचा, याने त्या दरात फारसा फरक पडत नाही.

आकड्यांवरच बोलू. केंद्राच्या राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचं २०२२-२३ ते २०२५-२६ साठीचं दरपत्रक असं: ३३ टक्के किंवा त्याहून जास्त पीक गेलं असेल तर जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५००, दोन हेक्टरच्या मर्यादेत. तुमचं सोयाबीन जिरायत धरलं तर सुमारे १.२ हेक्टरचे १०,२०० होतात, आणि उसाच्या ०.८ हेक्टरचे १३,६००. एकूण २३,८००, तेही दोन्ही पिकांचं नुकसान ३३ टक्क्यांच्या वर लागलं तर. उसाचं इथेच अडतं. पाणी ओसरल्यावर लांबून ऊस उभा दिसतो आणि पंचनाम्यात "अंशतः बाधित" असं लिहून लोक पुढे जातात. शेंडा पाण्याखाली राहून कुजला असेल तर तो ऊस गेलाच, पण ते कळायला आठ-दहा दिवस जातात. म्हणून पोंगा (शेंड्याची कोवळी सुरळी) ओढून पाहा. हातात सहज आला आणि वास मारत असेल तर त्याचे फोटो काढा आणि पुन्हा पाहणी करण्याचा अर्ज द्या.

हे दर पत्थरावरची रेघ नाहीत. राज्य सरकार आपल्या तिजोरीतून वाढवून देऊ शकतं, आणि देतंही. २०२३च्या अखेरीस राज्याने वाढीव दर आणि तीन हेक्टरची मर्यादा आणली. मे २०२५ मध्ये पुन्हा केंद्राच्या दरावर आणि दोन हेक्टरवर आणलं. मग त्या वर्षीच्या अतिवृष्टीनंतर ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यात मर्यादा परत तीन हेक्टर आणि रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० जादा. म्हणजे तुमच्या पुराला कोणता दर लागू, हे त्या पुरासाठी निघालेल्या शासन निर्णयावर ठरतं. पत्रकार परिषदेतला आकडा आणि शासन निर्णयातला आकडा यांत "कमाल", "पर्यंत" आणि "किंवा" हे तीन शब्द उभे असतात. निर्णय स्वतः उघडून वाचा, कुणी पाठवलेल्या संदेशावर जाऊ नका.

जमिनीचा रकाना पिकापेक्षा वेगळा असतो, आणि नदीकाठी तोच जास्त महत्त्वाचा. शेतात तीन इंचांपेक्षा जास्त गाळ किंवा वाळू साचली असेल तर ती काढायला त्याच दरपत्रकात हेक्टरी १८,००० आहेत. जमीन खरडून गेली किंवा नदीने पात्र बदलून ती गिळली, तर हेक्टरी ४७,०००. मात्र हे फक्त अल्प आणि अत्यल्प भूधारकांना, म्हणजे दोन हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना. पंचनामा करणारा माणूस दिवसभरात पन्नास शेतं उरकत असतो, तो "सोयाबीन, नुकसान" एवढं लिहून बांध ओलांडतो. गाळाची जाडी तुम्ही सांगितली नाही तर लिहिली जात नाही. लोखंडी गज खाली रोवा, गाळ कुठवर आहे तिथे खूण करा, शेजारी टेप धरून फोटो घ्या आणि तो फोटो अर्जाला जोडा.

आता दुकान. केंद्राच्या दरपत्रकात व्यापाऱ्यासाठी रकानाच नाही. हस्तकला-हातमागाच्या कारागिरांना अवजारांसाठी ५,००० आणि कच्च्या किंवा तयार मालासाठी ५,००० एवढंच त्यात आहे. त्यामुळे दुकानदाराला मिळतं ते राज्याने त्या-त्या वेळी ठरवलं तर. २०१९ आणि २०२१ला ठरवलं होतं: पंचनाम्यातल्या प्रत्यक्ष नुकसानीच्या ७५ टक्के किंवा कमाल ५०,०००, यांतलं जे कमी ते, आणि २०२१ला टपरीधारकांना १०,००० पर्यंत. २०२५च्या पॅकेजमध्येही दुकानदारांसाठी ५०,००० पर्यंतच होते. अटीही होत्या. दुकानदार स्थानिक रहिवासी हवा, त्याचं नाव तिथल्या मतदार यादीत हवं, रेशन कार्ड हवं. तुमचं मतदार यादीतलं नाव नोकरीच्या काळात पुण्याला हलवलेलं असेल आणि दुकानाचा परवाना तुमच्याच नावावर असेल, तर अर्ज कुणाच्या नावाने करायचा हे आत्ताच ठरवा.

म्हणजे सगळं मनासारखं झालं तरी शेत आणि दुकान मिळून पाऊण लाखाच्या आतबाहेर. सात लाखांपुढे ते किती, हे तुम्हीच बघा. मदत सोडून द्या असं मी म्हणत नाही, हक्काचे आहेत ते घ्याच. पण दुकान परत उभं करण्याचा बेत या पैशांवर आखू नका. घाऊक व्यापाऱ्याला "अनुदान आलं की देतो" म्हणून शब्द तर अजिबात देऊ नका.

मोठी रक्कम निघू शकते ती दुकानाच्या विम्यातून. "आमचा विमा नाही" असं तुम्ही लिहिलंय, तरी एकदा बँकेत जाऊन विचारा. तुमचं कॅश क्रेडिट खातं, म्हणजे मालाच्या तारणावर उचल देणारं कर्जखातं, आहे म्हणता. तारण मालाचा विमा बँक बहुतेक वेळा स्वतःच उतरवते आणि हप्ता तुमच्या खात्यातून कापून घेते. वर्षाच्या खातेउताऱ्यात कुठेतरी विमा कंपनीच्या नावाने दोन-चार हजारांची नोंद सापडेल. पॉलिसीचा कागद बँकेच्या फाइलमध्ये पडून असतो, आणि आपण विमाधारक आहोत याचा मालकाला पत्ताच नसतो. हे मी दर पुरात पाहतो. पॉलिसीची प्रत मागा. बँक टाळाटाळ करत असेल तर अर्ज लिहून द्या आणि पोच घ्या. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" नावाची प्रमाणित पॉलिसी एप्रिल २०२१ पासून आहे, तिच्यात पूर येतो. जुन्या धाटणीची पॉलिसी असेल तर पुराचं कलम आहे की वगळलंय, ते तपासा.

पॉलिसी निघाली तर त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवा. नुकसान मोजायला कंपनीचा सर्व्हेअर येईल. तो काय बघतो ते सांगतो, म्हणजे चिखलाच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळेल.

पहिलं, पाण्याची रेघ. भिंतीवर पाणी कुठवर आलं तो मातकट पट्टा पुसण्याआधी टेप लावून फोटो घ्या, आणि एका फोटोत दुकानाची पाटी आणि शटरही येऊ द्या. रेघेच्या वरच्या फळ्यांवरचा माल सर्व्हेअर नुकसानीत धरत नाही. धरायला लावूही नका, एक खोटी ओळ सापडली की बाकीच्या खऱ्या ओळींवरही संशय येतो. दुसरं, कोणता माल खरंच वाया गेला. सिमेंटची पोती दगड झाली, प्लायवूड फुगलं, यात वाद नाही. पण रंगाचे बंद डबे, पीव्हीसी पाइप, नळाच्या तोट्या धुऊन विकता येतात. लेबल गेलेल्या डब्याचा भाव पडतो, तेवढीच तूट सर्व्हेअर मान्य करेल. खिळे आणि स्क्रू गंजले तर भंगाराची किंमत वजा होणार. म्हणून भंगारवाल्याला काहीही बिनपावतीचं देऊ नका.

तेव्हा चिखल काढा, पण या क्रमाने. आधी सलग व्हिडिओ, दारापासून मागच्या भिंतीपर्यंत, घाई न करता. मग दोघांनी बसायचं. एकाने माल उचलून नाव आणि नग पुकारायचे, दुसऱ्याने साध्या वहीत लिहायचं. पान संपलं की खाली तारीख, दोघांच्या सह्या, आणि जमलं तर शेजारच्या दुकानदाराची साक्षीदार म्हणून सही. खराब माल एका कोपऱ्यात रचून ठेवा. जागाच नसेल किंवा दुर्गंधी सुटली असेल, तर सर्व्हेअरला संदेश पाठवून "माल हलवू का" विचारा आणि त्याचं उत्तर जपून ठेवा. प्रत्येक प्रकारचा एखादा नमुना तरी राहू द्या. दुकान महिनाभर चिखलात ठेवून बसणं हे कुणीच मागत नाही. उलट जो माल वाचवता आला असता तो तसाच सडू दिला, असं म्हणून कंपनी रक्कम कापू शकते.

तलाठ्यांच्या पंचनाम्याची प्रत मात्र हवीच. तुम्ही सही केलीत, पण काय लिहिलंय ते वाचलंत का? "दुकानात पाणी शिरून मालाचे नुकसान झाले" एवढ्या एका ओळीवर ५०,००० चं प्रकरण कसंबसं निघेल, विम्याच्या दाव्याला ती ओळ पुरत नाही. यादी आणि अंदाजे रक्कम नसेल तर वहीतली यादी जोडून तहसील कार्यालयात अर्ज द्या, आवक शिक्क्याची पोच घ्या.

संगणक पाण्यात गेला आणि त्यासोबत हिशेब गेला, असं तुम्ही लिहिलंय. एवढं घाबरू नका. खरेदीचा हिशेब जीएसटीच्या पोर्टलवर आहे, पुरवठादारांनी भरलेली बिलं दर महिन्याच्या २बी विवरणात दिसतात. विक्री तुमच्या स्वतःच्या विवरणपत्रात आहे. सर्व्हेअर असाच माल काढतो: ३१ मार्चचा शिल्लक माल, त्यात नंतरची खरेदी मिळवायची, विक्रीतून नफा काढून उरलेली रक्कम वजा करायची. समजा मार्चअखेर नऊ लाखांचा माल होता, त्यानंतर बारा लाखांची खरेदी आणि तेरा लाखांची विक्री झाली, नफा पंधरा टक्के. तर पुराच्या दिवशी दुकानात साधारण दहा लाखांचा माल होता. त्यातला सात लाखांचा रेघेखाली होता, हे वहीतली यादी सांगते. दोन्ही आकडे एकमेकांशी जुळले की दावा उभा राहतो.

आणि इथेच दोन जागी घोटाळा होतो. एक म्हणजे बँकेला दर महिन्याला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट. कर्जाची मर्यादा टिकवण्यासाठी तिथे चौदा लाख लिहायचे आणि आयकराच्या ताळेबंदात नऊ, ही सवय अनेकांना असते. पुरानंतर दोन्ही कागद एकाच टेबलावर येतात. दुसरी जागा विम्याच्या रकमेची. दुकानात दहा लाखांचा माल असताना विमा सहा लाखांचाच उतरवला असेल, तर सात लाखांच्या नुकसानीवर सहाही मिळत नाहीत. दहापैकी सहाच्या प्रमाणात, म्हणजे ४.२ लाख धरले जातात, आणि त्यातून पॉलिसीत लिहिलेली ठरावीक कपात जाते ती वेगळीच. सूक्ष्म उद्यमच्या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची कमतरता माफ असते, पण या उदाहरणात ती चाळीस टक्के आहे.

जीएसटीचं एक कलम लोकांना नोटीस आल्यावर कळतं. नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, कलम १७(५)(एच) प्रमाणे परत करावं लागतं. पूर आला म्हणून त्यातून सूट नाही. सर्व्हेअर मात्र "कराचं क्रेडिट तर तुम्ही घेतलंच आहे" म्हणून दाव्यातून जीएसटी वजा करतो. क्रेडिट परत केल्याची नोंद त्याला दाखवा आणि ती रक्कमही दाव्यात मागा. १८ टक्क्यांचा माल असेल तर ही रक्कम सरकारी मदतीपेक्षा मोठी भरते. तुमच्या करसल्लागाराला हे आधीच सांगून ठेवा.

पीक विम्याचं थोडक्यात. ऊस राज्याच्या पीक विम्यात अधिसूचित नाही, त्यामुळे विषय फक्त सोयाबीनचा. आधीच्या हंगामांत स्थानिक आपत्तीचं नुकसान ७२ तासांत कळवलं की वैयक्तिक पाहणी व्हायची. २०२५च्या खरिपापासून राज्याने एक रुपयातली योजना बंद केली, त्यासोबत ही जादा कलमंही गेली. भरपाई महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांवरून निघणाऱ्या सरासरी उत्पन्नावर आली. तुमच्या हंगामाला कोणतं कलम लागू आहे ते विम्याच्या पावतीवर आणि कृषी कार्यालयात बघा. ७२ तासांचं कलम असेल तर आधी तक्रार नोंदवा, बाकी सगळं नंतर.

"कधी मिळेल" याचं तारखेसकट उत्तर कुणी देत असेल तर त्याच्यापासून जपून राहा. विशेषतः टक्केवारी मागणाऱ्यापासून. पैसे मंजूर होऊनही खात्यात का येत नाहीत, ते मात्र सांगता येतं. यादी तयार झाली की प्रत्येक लाभार्थ्याला विशिष्ट क्रमांक मिळतो, ज्याला सगळे व्हीके नंबर म्हणतात. ज्यांना केवायसी लागते त्यांनी तो घेऊन सेवा केंद्रात आधारची केवायसी केल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. आणि पैसे जातात ते तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे, आधारला जोडलेल्या खात्यात. वडिलांचं आधार कुठल्यातरी जुन्या शून्य शिलकीच्या खात्याला जोडलेलं असेल तर पैसे तिथे जाऊन बसतात, आणि घरात "मिळालेच नाहीत" अशी ओरड. बँकेत जाऊन जोडणी आत्ताच तपासा.

सामाईक सातबाऱ्याचा गुंता यात सगळ्यात चिवट. तीन खातेदार म्हटल्यावर एकतर प्रत्येकाच्या हिश्श्याप्रमाणे पैसे जातात, किंवा बाकीच्यांचं संमतीपत्र घेऊन एकाच्या नावावर. जमीन कसणारे तुमचे वडील, पण चुलते मुंबईत, त्यांची शेतकरी ओळख क्रमांकाची नोंदणी झालेली नाही, असं असेल तर त्यांचा हिस्सा अडकतो. सातबाऱ्यावर मयत आजोबांचं नाव अजून असेल तर वारस नोंदीचा अर्ज आधी. ई-पीक पाहणीत सोयाबीनची नोंद झाली होती का, तेही बघा. पंचनाम्यात सोयाबीन आणि सातबाऱ्यावर पड, अशी विसंगती पुढे त्रास देते.

बँकेबद्दल एवढंच, की कर्जाचं पुनर्गठन मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि ती कर्जमाफी नसते, व्याज चालू राहतं. रिझर्व्ह बँकेच्या २०१८च्या निर्देशांत पिकाचं नुकसान ३३ ते ५० टक्के असेल तर पीककर्जाला जास्तीत जास्त दोन वर्षं आणि ५० टक्क्यांवर असेल तर पाच वर्षांपर्यंत मुदत देण्याची तरतूद होती, दोन्हींत पहिलं वर्ष हप्त्याशिवाय. दुकानाच्या कर्जाला असं ठरलेलं माप नाही, बँक प्रकरण बघून ठरवते. म्हणून हप्ता थकण्याआधी अर्ज द्या, थकल्यानंतर तोच अर्ज वेगळ्या नजरेने वाचला जातो. अर्जासोबत पंचनामा, मालाची यादी आणि दुकान परत कसं चालू करणार याचा पानभर हिशेब जोडा. सरकारी मदतीची रक्कम बँकेने कर्जात वळती करू नये, असं मदतीच्या शासन निर्णयात लिहिलेलं असतं. वळती केली तर त्या निर्णयाची प्रत लावून शाखेला लेखी कळवा, आणि अर्जाची प्रत तहसीलदारांना द्या.

यादीत नाव आलं नाही तर तलाठ्यांशी भांडण्यात दिवस घालवू नका. यादी ग्रामपंचायतीत किंवा तलाठी कार्यालयात लागते, तिचा फोटो काढा, तहसीलदारांकडे लेखी हरकत द्या. पंधरा दिवसांत हालचाल दिसली नाही तर माहितीच्या अधिकारात आपल्या पंचनाम्याची प्रत आणि अर्जावर काय कार्यवाही झाली ते मागा. दुकानाच्या विम्याचा दावा नाकारला गेला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागात आणि मग विमा लोकपालाकडे. एकल मालकीची दुकानं आणि सूक्ष्म उद्योग तिथे जाऊ शकतात, वकील लागत नाही आणि फी नाही. कंपनीच्या अंतिम नकारानंतर एका वर्षाच्या आत जायचं असतं.

तुम्ही लिहिलेल्या माहितीत दोन गोष्टी नाहीत आणि त्यांवर बरंच अवलंबून आहे: दुकानाचा परवाना नेमका कुणाच्या नावावर आहे, आणि कॅश क्रेडिट खात्यातून विम्याचा हप्ता गेला आहे का. उद्या बँक उघडली की आधी गेल्या बारा महिन्यांचा खातेउतारा मागा. हप्त्याची नोंद सापडली तर पॉलिसी नंबर घेऊन तिथूनच विमा कंपनीला ईमेल करा, घरी येईपर्यंत थांबू नका.